ही बाजू भिंतीकडे

...आणि उलटं लावलं म्हणजे वरचं खाली नव्हे हो, तेवढं तरी मी गिळलं असतं, पाठ पुढे आणि तोंड भिंतीकडे! माझं शिल्प, काचेचं, चांगलं पुरुषभर उंच, आठ महिने खपून केलेलं, सार्वजनिक कलासंग्रहाने निवडलं, मोठ्या दवाखान्याच्या हॉलमध्ये लावलं... तक्रार नाही हं, उपकारच आहेत त्यांचे, नाहीतर आमच्यासारख्यांना विचारतो कोण?

तुम्हाला सांगते, हे काम कसं असतं. रंगीत काचांचे तुकडे एकावर एक रचायचे, भट्टीत घालायचे, ते वितळून एकजीव होतात, मग भट्टी निवेपर्यंत दाराला हात लावायचा नाही, घाई केली की गेला तडा. वरची बाजू निघते चकचकीत. खालची, भट्टीतल्या फरशीला टेकलेली, ती खरखरीत, कळाहीन. आता लावणाऱ्याचा घोळ होऊ नये म्हणून मी शहाणीने काय केलं? पाठीवर काचेच्या रंगाने ठसठशीत लिहिलं, 'ही बाजू भिंतीकडे'. वर पुसलं जाऊ नये म्हणून मंद आचेवर भाजून पक्कं केलं. स्वतःच्या पायावर धोंडा मारावा तर असा.

लावल्यावर चार महिन्यांनी सवड मिळाली, बघायला गेले तर अक्षरं समोर! खाली पितळी पाटी, त्यावर माझं नाव आणि शिल्पाचं शीर्षक... 'ही बाजू भिंतीकडे'. अहो, शीर्षक 'पहाट' होतं, अर्जात लिहून दिलं होतं मी!

तशीच गेले संग्रहाच्या साहेबांकडे. ते चष्मा पुसत, डोळे मिटून, "बाई, काय खोल अर्थ आहे... समितीत तासभर चर्चा झाली." म्हटलं, साहेब, ती सूचना आहे. "हो ना, समाजालाच सूचना!" मग अर्जातलं 'पहाट' काढून दाखवलं. पण माणूस भला, खरं कळल्यावर जीभ चावली, म्हणाले, "उद्याच माणसं लावून सुलटं करतो." तक्रार नाही हं, उपकारच.

दुसऱ्या दिवशी शिडी आली, दोघं वर चढले, आणि बाकावरचे एक आजोबा उठून आले. "काढताय का हो हे?" मी म्हटलं, फिरवतोय. तर म्हणाले, "आमच्या हिला रोज तपासणीला नेताना स्ट्रेचर इथेच थांबायचं. ती हे वाचायची आणि म्हणायची, म्हणजे चांगली बाजू पलीकडे आहे, अजून दिसायची आहे. तेवढ्यावर तीन महिने काढले तिने. सोमवारी घरी नेतोय."

काय सांगू तुम्हाला! मी आठ महिने जीव ओतला तो त्या चकचकीत बाजूवर, आणि कुणाला धीर दिला तर माझ्या वेड्यावाकड्या अक्षरांनी. एवढं कौतुक जन्मात झालं नव्हतं हो, खरंच सांगते. वर बघून म्हटलं, उतरा रे बाबांनो.

घरी यांनी विचारलं, "केलं सुलटं?" म्हटलं, राहू दिलं. "अगं मग ती पहाट बघणार कोण?"

कोण म्हणजे? भिंत. भिंतीला कान असतात म्हणतात... आता डोळेही असले म्हणजे मिळवली.