डावीकडं वळलं की…

नाय, मी म्हणते, वाजू द्या ना हॉर्न! हॉर्न वाजायलाच असतो, त्याला काय कपाटात ठेवायचाय? पण माझ्या हातानं वाजू द्या! मी दाबला की वाजावा, नाय दाबला की गप बसावा… लई मागते का मी? तुमीच सांगा! नवी कोरी गाडी, सीटवरचं प्लास्टिक अजून निघालं नाय, आणि डावीकडं वळलं की पोंऽऽऽ! उजवीकडं वळा, चिडीचूप. सरळ जा, गरीब गाय. डावीकडं स्टेअरिंग फिरवलं, की पोंऽऽऽ! आणि शोरूमवाला काय म्हणतो? "हे नॉर्मल आहे मॅडम." नॉर्मल! अरे, तुझ्या घरची बेल तू डाव्या कुशीवर वळल्यावर वाजली तर चालंल का तुला?

तुमाला सांगते, मी आरती, खोडदची. आमची रोपांची नर्सरी हाय, टोमॅटो, मिरची, फ्लॉवर. आमचे मालक, गोरखराव, ट्रॅक्टर डोळे झाकून चालवतील, पण कार म्हणलं की त्यांना घाम फुटतो. म्हणून मी शिकले. चाळिशी उलटल्यावर शिकले! सगळं गाव बघायला यायचं, बांधावर बसून, शेंगा खात. तरी शिकले. आणि मग ही गाडी घेतली. कंपनीचं नाव नाय घेत, नायतर त्यांचा फोन यायचा, "आमच्याबद्दल चांगलं बोलल्याबद्दल धन्यवाद."

आता मला सांगा, आमच्या घरी यायचं तर हमरस्ता सोडल्यावर वळणं किती आणि कुठं? सगळी डावीकडं! देवळापाशी डावी, शाळेपाशी डावी, आमच्या गेटात डावी. म्हणजे मी घरी येते ती कशी? वाजतगाजत! लोक म्हणायचे, "आली बघा गाडीवाली, लई मिरवते." शाळेतल्या बाई बाहेर येऊन हात जोडायच्या, "अहो, परीक्षा चालू आहे." मी म्हणायचे, "बाई, शप्पथ, मी नाय दाबत!" त्या म्हणायच्या, "हो हो," आणि बघायच्या कुठं? माझ्या हाताकडं!

परकं माणूस बघंल हो. पण आमचे मालक! शेजारच्या सीटवर बसून, तोंड खिडकीकडं करून म्हणतात, "तुझा अंगठा लागत असंल." अंगठा! मी म्हणलं, "अहो, माझा अंगठा खाली हाय, हा बघा!" तर म्हणतात, "मग कोपर लागत असंल." माणसाला आपल्या बायकोपेक्षा आठ दिवसांच्या गाडीवर भरवसा… काय बोलायचं?

गेले शोरूमला. तिथं आदेश म्हणून सल्लागार हाय. लई गोड पोरगा. इस्त्रीचा शर्ट, टाय, आणि आवाज असा की जखमेवर हळद लावतोय. "बसा मॅडम. कॉफी घेणार मॅडम?" सगळं ऐकून घेतलं, गाडी आत नेली, दुपारपर्यंत पत्र्याखाली गार सावलीत ठेवली, मग एक चक्कर मारून आणली. आणि तुमाला सांगते, वाजला नाय! अहो, डावीकडं वळवली, पुन्हा डावीकडं वळवली, गाडी पाहुण्यांसमोरच्या पोरीगत खाली मान घालून उभी! आदेश म्हणाला, "काहीच प्रॉब्लेम नाही मॅडम. नवीन ड्रायव्हरचा हात चुकून हॉर्नवर जातो. हे नॉर्मल आहे मॅडम." मी म्हणलं, "भाऊ, मी दाबत नाय रे!" तर हसून म्हणतो, "सगळे असंच म्हणतात मॅडम."

बरं, गेटाबाहेर पडले, ऊन लागलं, नारायणगावच्या चौकात डावीकडं वळले… पोंऽऽऽ! पुढं पोलीस उभा. त्याला काय सांगू? सगळे असंच म्हणतात?

पुन्हा गेले. तर आदेश म्हणाला, "सॉफ्टवेअर अपडेट करतो." केलं. काय झालं? रेडिओ लावला की आधी लागत व्हता, आता लागंना. हॉर्न मात्र आधीपेक्षा खणखणीत! पुन्हा गेले. या वेळी पुण्याहून कोणतरी मोठा साहेब आला व्हता, त्यानं विचारलं, "मॅडम, आपण राहता कुठे?" म्हणलं, "खोडद." तर दोघांनी एकमेकांकडं असं बघितलं, जसं काय मी ताप सांगितला आणि डॉक्टरला मच्छर सापडला. "खोडद! मग बरोबर! तिथं त्या मोठमोठ्या अँटेना आहेत ना? त्यांच्या लहरींमुळं होतं. हे नॉर्मल आहे मॅडम."

आता खोडदच्या शेंबड्या पोराला ठाऊक हाय, की त्या अँटेना काय सोडत नाय, नुसतं ऐकतात! आभाळातलं, ताऱ्यांचं, कुठलं कुठलं बारीक ऐकतात. मी म्हणलं, "साहेब, आमच्या खोडदला बसून आभाळापलीकडचं ऐकू येतं, आणि तुमाला टेबलापलीकडची बाई ऐकू येईना व्हय?" साहेबानं लिहून घेतलं, "ग्राहक समाधानी."

इथवर मी सोसलं हो. पण मग पेठचं झालं.

आमची समृद्धी, पोरगी माझी, बी.फार्म. झाली. पेठच्या सावळेराम पाटलांच्या मुलाशी तिचं जवळपास जमलं व्हतं. पोरापोरीची पसंती झाली व्हती, फक्त आमी घर बघून यायचं, चहा प्यायचा, तारीख काढायची. मी इरकल नेसले, मालकांनी टोपी घातली, आणि निघालो. सगळं हायवेनं सरळ, गाडी गप. मंचर गेलं, गप. मी मनात म्हणलं, देवा, आजचा दिवस. पेठला पोचलो, तर सावळेराम पाटील सोता गेटात उभे! पांढरा लेंगा, पांढरा सदरा, पांढरी टोपी, हात जोडलेले. आणि गेट कुठं? डावीकडं! बारा वाजलेले, वर ऊन मी म्हणतंय… मी हळूच, लई हळूच, आजारी माणसाची उशी बदलावी तसं स्टेअरिंग फिरवलं…

पोंऽऽऽऽऽ!

पाटील दचकून मागं सरले, मागं व्हता जनावरांच्या पाण्याचा हौद, आणि जोडलेल्या हातांनी, तसेच, नमस्काराच्या पोजमधी… आत! हौदातनं फक्त टोपी वर आली. मी घाबरून ब्रेक मारला, चाकं डावीकडंच राहिली, त्यामुळं हॉर्न चालूच! माणूस बुडतोय आणि मी वाजवतेय! त्यांची म्हैससुद्धा माझ्याकडं अशी बघत व्हती…

चहा मिळाला, नाय असं नाय. पण पाटील कपडे बदलून आले आणि म्हणाले, "विहीणबाईंना… आपलं, ताईंना लई घाई दिसती." मी म्हणलं, "दादा, मी दाबला नाय, गाडीच वाजती आपोआप." कोण ऐकतंय? निघताना म्हणाले, "कळवतो." आणि "कळवतो" म्हणजे काय, ते तुमाला काय मी सांगायला पायजे? समृद्धी आतल्या खोलीत जाऊन बसली, जेवायला आली नाय. मालक म्हणाले, "गाडी विकून टाकू." आणि मग, जरा थांबून, "आणि तू चालवूच नको."

ते मला लागलं. गाडी गेली तर गेली हो. पण "चालवूच नको"?

दुसऱ्या दिवशी पुन्हा शोरूम. तिथं कॉफीच्या मशीनपाशी एक बाई बसलेली, जुन्नरची, ताहेराभाभी, बेकरी हाय त्यांची. हातात रुमाल, चेहरा लालबुंद. सहज विचारलं, "तुमचं काय?" तर म्हणाल्या, "अगं, काय सांगू तुला, उजवीकडं वळलं की वाजती!" मी कॉफी सांडली! उजवीकडं! तीच गाडी, तोच रंग, माझी डावीकडं, त्यांची उजवीकडं! मी म्हणलं, "तुमाला काय सांगितलं? अँटेना?" त्या म्हणाल्या, "जुन्नरला कुठली अँटेना? मला म्हणाला, डोंगराळ भाग हाय, हे नॉर्मल आहे मॅडम. माझे मियाँ म्हणतात, तुझ्या बांगड्या लागत असतील. मी बांगड्या काढून ठेवल्या, आरती! ईदला मोकळ्या हातानं फिरले!"

मग आमी दोघी बोलत बसलो, तर भाभीच्या ध्यानात आलं, की सकाळी पाव पोचवायला निघते तवा वाजत नाय, दुपारी वाजती. मी म्हणलं, माझंबी तसंच! म्हणजे उन्हाचं काम हाय, आणि हे शहाणे गाडी सावलीत ठेवून तपासतात! भाभी माझ्याकडं बघून हसल्या. मी भाभीकडं बघून हसले. आमी दोघी उठलो. गाड्या बाहेर काढल्या, आणि समोरच्या मोकळ्या मैदानात, पापड वाळत घालावेत तशा, उन्हात उभ्या केल्या. रसवंतीत बसून दोघींनी दोन दोन ग्लास रस प्यायला.

परत आलो तर शोरूमच्या अंगणात काय थाट! एका आजोबांना नवी गाडी देत व्हते. रिबीन, नारळ, पेढे, पुठ्ठ्याची हीऽ मोठी चावी, अख्खं घर फोटोला उभं, आदेश टाळ्या वाजवतोय. मी माझी गाडी झेंड्याच्या खांबाभोवती घातली, डावीकडनं गोल गोल. भाभींनी त्यांची पलीकडं जाहिरातीच्या फुग्याभोवती घातली, उजवीकडनं गोल गोल. पोंऽऽऽ! पोंऽऽऽ! लग्नातला बँड मागं पडंल असं! हायवेवरचे लोक थांबले, मोबाईल बाहेर आले. आजोबांनी कानावर हात ठेवून आदेशला विचारलं, "अहो, ह्या बायका का वाजवत्यात?" आणि बिचारा आदेश, सवय हो, तोंडातनं गेलंच, "हे नॉर्मल आहे सर!"

आजोबा म्हणाले, "असं? म्हंजे आमचीबी अशीच वाजणार का?"

आता बोल! हो म्हणलं तरी मेला, नाय म्हणलं तरी मेला! तोंड उघडं, टाळीतले हात तसेच हवेत. तेवढ्यात मॅनेजर पळत आला, "मॅडम, प्लीज, हॉर्नवरचा हात काढा!" मी गाडी थांबवली, उतरले, म्हणलं, "या, आदेशभाऊ, तुमी बसा." सगळ्यांसमोर त्याला बसवलं. त्यानं स्टेअरिंग दोन बोटांनी धरलं, गरम तवा धरावा तसं. फिरवलं डावीकडं… पोंऽऽऽ! आणि पोरगं खिडकीतनं डोकं काढून वरडलं, "सर, मी दाबला नाही! खरंच नाही दाबला!"

मी म्हणलं, "सगळे असंच म्हणतात, भाऊ."

त्याच संध्याकाळी दोन्ही गाड्यांचं स्टेअरिंग उघडलं. आत एक पातळ पट्टी असते, हॉर्नची वायर तिच्यातनं जाते. ती तापली की फुगत व्हती आणि वळताना घासून चिकटत व्हती, माझी डावीकडं, भाभींची उजवीकडं. बदलली, फुकट. आणि मोठ्या ऑफिसातनं एका बाईचा फोन आला, आवाज साखरेचा, "मॅडम, तुमच्या गाडीत कोणताही दोष नव्हता. तरीही आम्ही तो काढून टाकला आहे." मी म्हणलं, "बाई, पुन्हा म्हणा." तिनं पुन्हा म्हणलं, न अडखळता!

आणि तो व्हिडिओ फिरत फिरत पेठला गेला. सावळेराम पाटलांचा फोन आला. आधी नुसते हसत व्हते. मग म्हणाले, "ताई, चुकलो. तुमी खरं बोलत व्हता आणि मी पाण्यात बसलो म्हणून तुमचं ऐकलं नाय. तारीख काढू या." समृद्धी आतनं पळत आली आणि माझ्या गळ्यात पडली. मालक दारात उभे. त्यांनी गाडीवरनं उगंच फडकं फिरवलं आणि चावी आणून माझ्या हातात दिली. आमच्यात यालाच माफी म्हणतात.

तर आता सगळं बरं झालं म्हणता? थांबा की! दुसऱ्या दिवशी बाजारातनं घरी निघाले. देवळापाशी डावीकडं वळले, चिडीचूप… आणि समोर जानकूच्या म्हशी, रस्ताभर, एक हलंना! त्यांना सवय, वाजल्याबिगर सरकायचंच नाय. जानकू मलाच वरडला, "आरतीवहिनी, चोरावाणी काय येताय? वाजवा की!" शाळेपाशी पोरं रस्त्यातच लगोरी मांडून बसलेली, बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही येता ते कळायला नको का?" गेटापाशी आले, गेट बंद. मालक आत पेपर वाचत, "मला काय म्हाईत तू आलीस!"

मग काय करते मी आता? डावं वळण आलं, की दाबते. सोता. या अंगठ्यानं.