चूक तिसऱ्या ओळीत

बंगळुरूत, येलहंक्यातल्या दाताच्या दवाखान्यात नरसिंगराव पेपर वाचत बसले होते. शेजारचं वयस्कर जोडपं मराठीत बोलू लागलं आणि त्यांचं पान उलटायचं राहिलं.

"हेमा, साठीत प्रोग्रॅमिंग शिकून कुठे नोकरीला लागणार आहेस? सोड तो क्लास."

"नाही सोडणार. आवडलाय मला."

"एवढं काय आवडलं?"

"काल माझं चुकलं, तर कॉम्प्युटर म्हणाला, चूक तिसऱ्या ओळीत आहे."

"त्यात काय विशेष?"

"जेवताना तुम्ही छत्तीस वर्षं नुसतं 'हं' म्हणताय. कुठे चुकलं ते कधी सांगितलंत?"

"मग काय होतं त्या तिसऱ्या ओळीत?"

"तिसऱ्या ओळीत कंस मिटायचा राहिला होता. तो मिटला आणि पडद्यावर माझं नाव उमटलं. डोळ्यांत पाणीच आलं हो."

एवढ्यात नर्सनं नरसिंगरावांचा नंबर पुकारला. "स्वल्प थांबा अक्का," म्हणत त्यांनी मागच्याला आत पाठवलं.

"आमटीत गूळ जास्त पडतो."

"कधीपासून?"

"लग्नापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"नाही वाटलं. आणखी काय चुकतं?"

"क्लासला रिक्षानं जातेस, ते. घरात स्कूटर आहे, मी आहे."