पालथ्या सासूबाई आणि दिवेवाली

...नाही, पण पालथं झोपलेल्या माणसाला ‘नाही’ कसं म्हणायचं, ते तुम्हीच मला सांगा! समोर तोंड असतं तर म्हटलं असतं. कपाळाला आठ्या घातल्या असत्या, घड्याळाकडे बघितलं असतं, काहीतरी केलं असतं! पण इथे तोंडच नाही हो. इथे नुसती पाठ. पाठ, वर पांढऱ्या केसांची गाठ, आणि खालून, उशीच्या भोकातून आलेला आवाज... ‘जावईबापू, प्रकरण पहिलं. आणि शब्द खाऊ नका.’

तुम्हाला सांगतो, मी लिफ्टवाला माणूस. सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. माझं वाचन ते काय? ‘एका वेळी आठ व्यक्ती.’ ‘आग लागल्यास जिन्याचा वापर करावा.’ झालं वाचन! आणि त्या माझ्या मांडीवर सातशे बारा पानांचं पुस्तक. पुस्तक कसलं, वीट! वर सोनेरी ड्रॅगन, त्याच्या पाठीवर केस मोकळे सोडलेली एक पोरगी, आणि मागे बारीक अक्षरात... ‘चौदा वर्षांवरील वाचकांसाठी’. मी म्हटलंही एकदा, ‘आई, हे पोरांचं आहे, तुमचं वय बहात्तर.’ तर म्हणतात, ‘मग? बहात्तर चौदाच्या वर नाही का?’ मी आपला वाचतोय.

म्हणजे आधी काय झालं ते ऐका. आमच्या सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. एकतीस वर्षं कानाला यंत्र लावून लोकांची बोलणी जोडून दिली. निवृत्त झाल्या, सासरे गेले, त्या आमच्याकडे राहायला आल्या. दुपारभर खिडकीत बसायच्या. आम्हाला वाटलं, बिचाऱ्या, वेळ जात नाही. मग चार वर्षांपूर्वी आमच्या लेकीनं या मालिकेचा पहिला भाग जेवणाच्या टेबलावर विसरला. विसरला म्हणजे काय, घात केला! आजीबाईंनी सहज उघडला, आणि संध्याकाळी बायको घरी येऊन बघते तर गॅसवर भांडं करपून काळंठिक्कर आणि या खुर्चीत. मान वर नाही. ‘आई, वास येतोय!’ तर म्हणतात, ‘येणारच. गाव पेटवलंय त्यांनी.’

तेव्हापासून सुरू! दुसरा भाग, तिसरा भाग, मधल्या काळात दुसऱ्या कुणाच्या जादूच्या शाळा, समुद्राखालची राज्यं, अर्धे लांडगे, अर्धे राजपुत्र... नवीन पुस्तक आलं की दुकानाबाहेर पोरांच्या रांगेत या काठी टेकून उभ्या. पोरं यांना ‘आजी, तुमचा अंदाज काय, राजपुत्र फितूर आहे का?’ असं विचारतात, आणि या रांगेत उभ्याउभ्या तासभर बोलतात! माझ्याशी लग्नाच्या सतरा वर्षांत एकूण तासभर बोलल्या असतील की नाही, शंका आहे. त्यांना जावई शिकलेला हवा होता. मिळाला लिफ्टवाला. त्या कधी बोलून दाखवायच्या नाहीत, पण ‘जावईबापू’ असं म्हणायच्या की त्यात सगळं यायचं.

तर यंदा पाचवा भाग यायचा होता. शुक्रवारी. आणि त्याच्या आधी चौथा पुन्हा वाचून काढायचा, म्हणजे संदर्भ डोक्यात ताजे राहतात, हा यांचा नियम. आणि नेमकी त्याच सुमारास डोळ्यात सावली दिसायला लागली. कोपऱ्यातून पडदा सरकत यावा तशी. कुणाला सांगितलं? कुणालाही नाही! डोकं तिरकं करून वाचत राहिल्या. मग बायकोनं बघितलं की आई भिंतीला धडकते आहे, तेव्हा उचललं आणि नेलं.

डॉक्टर अगदी हळू आवाजाचा माणूस. ‘आजी, सावली कधीपासून दिसतेय?’

‘आठ दिवस.’

‘आठ दिवस? मग लगेच का नाही आलात?’

‘चौथा भाग संपायचा होता.’

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे का? मी लिहिलाय का चौथा भाग? म्हणाला, डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय, आजच ऑपरेशन. यांचा दुसरा डोळा आधीच नावापुरता, लहानपणापासून. म्हणजे होता तो हा एकच. बायको स्वतः नर्स आहे, वॉर्डात दिवसभर काय काय बघते, पण तिथे बाकावर माझा हात असा घट्ट धरून बसली की बोटं पांढरी पडली. ‘अहो, हा पण गेला तर आई काय करेल?’ मी म्हटलं, काही नाही होत.

ऑपरेशन झालं. डॉक्टरनं समजावलं, डोळ्यात वायूचा बुडबुडा भरलाय, तो वर जातो, म्हणून तोंड खाली ठेवायचं, म्हणजे तो मागच्या पडद्याला दाबून धरेल. मला पटकन कळलं. आमच्या सपाटी बघायच्या लेव्हलच्या नळीतला बुडबुडाच तो! दहा दिवस पालथं. तासातली पन्नास मिनिटं. जेवण, चहा, सगळं मान खाली. विमानप्रवास बंद, उंच डोंगर बंद. उशीतून आवाज आला, ‘आणि ड्रॅगन?’ डॉक्टर म्हणाला, ‘काय?’ मी म्हटलं, काही नाही डॉक्टर, तुम्ही पुढे सांगा.

आणि शुक्रवारी पुस्तक आलं. लेकीनं आणलं, रात्रभर जागून स्वतः वाचून फडशा पाडला, आजीनं तिला दम दिला होता, ‘एक अक्षर तोंडातून काढलंस तर बघ.’ आता आजीला वाचून कोण दाखवणार? लेकीची शाळा, मग क्लास. बायकोची ड्युटी सातपर्यंत. मी सकाळी सहाला कामावर जातो, दोनला घरी. म्हणजे दोन ते सात मोकळा कोण? मी! मोकळा म्हणजे, आठ तास शाफ्टमध्ये लोंबकळून आलेला माणूस मोकळा! पण बायको म्हणाली, ‘अहो, बसायचंच तर आहे.’ बसायचंच तर आहे! मी आपला वाचतोय.

आता त्या पोरीचं नाव काय, तर ऱ्हायझेल्थिरा! पहिल्या पानावरच जीभ अडकली. उशीतून: ‘पुन्हा.’ ऱ्हाय... ‘पुन्हा.’ ऱ्हायझे... ‘जावईबापू, एक्स्चेंजला असतात तर पहिल्या दिवशी घरी पाठवलं असतं.’ मी दमलोय, डोळे मिटतायत, ती पोरगी राजपुत्राकडे बघतेय, राजपुत्र तिच्याकडे बघतोय, चार पानं झाली, अजून बघतायत! मी हळूच दोन पानं एकदम उलटली. ‘मागे या.’ अहो, दिसत नाही, हलता येत नाही, पण पानाच्या आवाजावरून कळतं!

पण एक सांगतो. त्या पुस्तकात एक म्हातारी होती. दिवेवाली. उंच मनोऱ्यावर राहायची, सातशे पायऱ्या, वर मोठे दिवे, त्यांच्या उजेडानं एका किल्ल्याचा निरोप दुसऱ्या किल्ल्याला पोचवायची. एकटी. लढाई नाही, जादू जेमतेम. ती आली की उशीतला श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही. एकदा म्हणाल्या, ‘ही एकटीच कामाची बाई आहे यात. बाकीचे नुसते प्रेमात पडतात. निरोप पोचला नाही तर यांचं राज्य दोन दिवस तरी टिकेल का?’ मग म्हणाल्या, ‘आम्हालासुद्धा कधी कोणी बघितलं नाही हो. नुसता आवाज.’ एवढं मोठं वाक्य त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलल्या. मी पुढचं पान उलटलं.

पाचवा दिवस. मी काय करायला लागलो होतो, अडखळू नये म्हणून पुस्तक डब्याच्या पिशवीतून कामावर न्यायचो आणि चहाच्या सुट्टीत पुढचं प्रकरण एकदा डोळ्यांखालून घालायचो. मशीनरूममध्ये बसलोय, बाविसावं प्रकरण, आणि मनोऱ्याला आग लागते. पोरगी निसटून जावी म्हणून दिवेवाली वरच थांबते, शेवटचा दिवा लावते, आणि... मी ते वाक्य तीनदा वाचलं. ‘तिच्या डोळ्यांपुढे कायमचा काळोख पसरला.’ कामावरचा जोडीदार विचारतो, ‘काय रे, केबल तुटल्यासारखा चेहरा का केलास?’ मी म्हटलं, म्हातारी गेली. त्यानं बिचाऱ्यानं टोपी काढली! ‘सासूबाई?’ अरे नाही रे बाबा...

आता तुम्ही सांगा. घरी एक बाई पाच दिवस जमिनीकडे तोंड करून पडलीय. आपल्याला पुन्हा दिसेल की नाही, तिला माहीत नाही. डॉक्टरलाही माहीत नाही. ती विचारत नाही, पण सकाळी थेंब घालताना बायकोला म्हणते, ‘उजेड आहे ना गं खोलीत?’ तिला हे वाक्य वाचून दाखवायचं? तुम्ही दाखवलं असतं? दोन वाजता खुर्चीत बसलो, पुस्तक उघडलं, त्या वाक्यापाशी आलो, आणि घसा खाकरून म्हणालो, ‘...तेवढ्यात तिला भिंतीत एक लोखंडी दार दिसलं.’

‘लोखंडी दार?’ उशीतून.

‘लोखंडी दार. आत एक... पिंजरा. जाड दोरखंडाला बांधलेला. दुसऱ्या टोकाला दगडाचं वजन. दिवेवाली आत बसली, तिनं खटका ओढला, आणि वजन वर जायला लागलं, पिंजरा खाली.’

अहो, मला दुसरं काय सुचणार! मी लिफ्टवाला माणूस! मनोऱ्यात लिफ्ट बसवली! आणि बसवली तर नीट बसवली, मार्गदर्शक पट्ट्या, ब्रेक, खाली धक्का झेलणाऱ्या स्प्रिंगा, सगळं! उशीतून आवाज, ‘लेखिकेनं अभ्यास बराच केलेला दिसतो.’ मी म्हटलं, हो, दिसतो खरा.

वाटलं, सुटलो. कसला सुटतोय! म्हातारी वाचली, म्हणजे आता तिला कुठेतरी जायला नको? पुस्तकात सगळे तिच्यासाठी रडतायत, इथे ती जिवंत! त्यांचं रडणं मी सर्दीवर ढकललं. सैन्याला साथ आली म्हणून सांगितलं! पुढच्या प्रत्येक पानावर ती नाही, आणि उशी विचारते, ‘दिवेवाली कुठंय?’ मग मी तिला तळघरात नेलं, तळघरातून बोगद्यात, बोगद्यात आणखी एक लिफ्ट... सातव्या दिवशी लेक लवकर घरी आली, दारात उभी राहून ऐकते आणि ओरडते, ‘बाबा! पण ती तर मे...’ मी उठलो, तिचं तोंड दाबलं, स्वयंपाकघरात नेलं. हात जोडले हो पोरीसमोर! तिनं माझ्याकडे बघितलं, मग आजीच्या खोलीकडे बघितलं. डोळे पुसले आणि हळूच म्हणाली, ‘बाबा, पण ड्रॅगनचा डावा पंख मोडलाय. मघाशी तुम्ही उडवलात त्याला.’ म्हणजे आता हिची पण तपासणी! वर ती, खाली आजी, मध्ये मी! मी आपला वाचतोय... वाचतोय कसला, रचतोय!

दहा दिवस झाले, उठवलं. डोळ्यात बुडबुडा, म्हणून सगळं पाण्याखालून दिसावं तसं. बुडबुडा दर आठवड्याला लहान होत गेला, आणि दोन महिन्यांनी डॉक्टरनं तक्ता समोर धरला. सासूबाई बसल्या खुर्चीत. बायको भिंतीला टेकलेली, मी दारात. त्यांनी पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरी अडखळत वाचली. चौथीला म्हणाल्या, ‘नाही.’ डॉक्टर म्हणाला, एवढं आलं हे नशीब समजा, सरळ रेघा थोड्या वाकड्या दिसतील, त्या तशाच राहतील. वाचायचं तर भिंग घेऊन, दिवसातून अर्धा तास, जास्त नाही. बायको तिथेच रडली. मी डॉक्टरचा हात इतका हलवला की तो म्हणाला, ‘अहो, ऑपरेशन करायचंय मला याच हातानं.’

आणि मग घरी येताना माझ्या ध्यानात आलं, आता मेलो! कारण अर्धा तास म्हणजे अर्धा तास! या ते पुस्तक स्वतः उघडणार!

उघडलंच. पहिल्यापासून. बाविसाव्या प्रकरणापर्यंत यायला अडीच महिने लागले. मी रोज समोर बसून बघायचो. त्या दिवशी भिंग एका जागी थांबलं. मग त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

‘मेली की हो ही.’

‘हो.’

‘इथेच मेली.’

‘हो.’

‘आणि तुम्ही तिला पार बोगद्यापलीकडे...’

‘आई, तुम्ही तेव्हा पालथ्या होतात.’

आता बोलणार, आता एक्स्चेंजचा आवाज लागणार, म्हणून मी खुर्चीचा हात धरून बसलो. तर त्या खिडकीबाहेर बघत होत्या. नंतर म्हणाल्या, ‘एवढी कामाची बाई, आणि मारून टाकली. या लेखिकेला काडीची अक्कल नाही.’ पुस्तक मिटलं. नीट, कोपरे जुळवून, बाजूला सारलं. आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, ‘तुमचं कुठपर्यंत आलं होतं?’

तेव्हापासून, तुम्हाला सांगतो, सातशे बारा पानं घरात पडून आहेत, आणि दोन ते सात मी! वाचायलासुद्धा काही नाही हो समोर! लेक क्लास बुडवायला बघते, बायको ड्युटीवरून फोन करून विचारते, ‘अहो, आज काय झालं?’ दुकानापुढच्या रांगेतली दोन पोरं परवा येऊन बसली. आधीची दोन प्रकरणं मी त्यांना पुन्हा सांगितली, आणि सासूबाई मध्येमध्ये म्हणत होत्या, ‘काल असं नव्हतं.’

चला, निघतो. दोन वाजत आले. काल दिवेवालीला दोन मजल्यांच्या मध्ये अडकवून उठलोय, वीज गेली, दार उघडत नाही, खाली शत्रू. सव्वीस वर्षं अडकलेली माणसं बाहेर काढतोय, दहा मिनिटांत काढतो मी माणसं... आणि या एका बाईला कसं काढायचं, सकाळपासून डोकं फोडतोय, काही सुचत नाही हो!