जलद गटाचा आधारस्तंभ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या सर्वांच्या ताई, सायकल क्लबातील बंधुभगिनींनो, आणि आमच्यापायी रविवारच्या सकाळी एकट्यानं काढणाऱ्या घरच्या मंडळींनो,

आरंभी एक छोटा हिशेब मांडतो. माझ्या अंगावर ही जर्सी आहे. बाहीवरची लाल पट्टी म्हणजे जलद गट. दुकानात तिला फारसे पैसे पडत नाहीत. तिची खरी किंमत अशी: ग्रंथपालबाईंचं उजवं मनगट, त्यावर सहा आठवडे प्लास्टर, आणि ताईंचं नारिंगी जॅकेट. यात माझं स्वतःचं काहीच गेलं नाही, हे चाणाक्ष श्रोत्यांच्या लक्षात आलं असेलच.

सूत्रसंचालकांनी आत्ता माझी ओळख करून दिली, ‘जलद गटाचे दोन वर्षांचे आधारस्तंभ’. तुम्ही टाळ्याही वाजवल्यात. तो कागद परवा मीच त्यांना लिहून दिला होता.

घरच्या मंडळींसाठी सांगतो. रविवारी आपले दोन गट निघतात: जलद आणि निवांत. कुणी कुठे जायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. जलद गट पुढे निघतो आणि कुणासाठी थांबत नाही. निवांत गट मागाहून निघतो, आणि त्याच्याही मागे नारिंगी जॅकेट घातलेलं एक माणूस असतं. आपल्या मागे कुणी राहू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. शिवणकामाचं दुकान सांभाळून अकरा वर्षं हे काम ताईंनी केलं.

माणूस पाहिला की ताईंना माप कळतं. नव्यांना पहिल्या रविवारी त्याच घेऊन निघायच्या. चढावर माझ्याशेजारी सायकल आणून त्यांनी विचारलं, “घरी कोण कोण असतं, दादा?”

मला वाटलं, चौकशी करताहेत. मी म्हणालो, “बायको...” आणि पुढे श्वासच पुरेना.

मागून कुणीतरी म्हणालं, “संपला वाटतं काकांचा संसार!”

ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “सगळं घर एका दमात सांगता आलं, तर गट आपल्या मापाचा. तुम्ही आमच्या निवांत गटात या. बघा पटलं तर.”

आता मला कसं पटावं? मी नळजोडणीच्या कामापासून वर आलेला माणूस. भिंतीआड कुठे गळतंय, ते नुसता कान लावून सांगतो. आज पाइपांची तीन दुकानं आहेत. अशा माणसानं निवांत गटात जायचं? जावयाला काय तोंड दाखवायचं? मी लाल पट्टी घेतली.

गेल्या वर्षीचा तो रविवार. कालव्याच्या अलीकडे पुलाच्या कठड्याला टेकून मी बसलो होतो. जलद गट केव्हाच दिसेनासा झाला होता, आणि सकाळचा चहा पोटातून परत आला होता. तेवढ्यात मागून निवांत गटाच्या घंटा ऐकू आल्या. ताई उतरल्या.

“दादा, काय होतंय?”

मी म्हणालो, “ताई, तुम्ही थांबा. पण बाकीच्यांना पुढे काढा. मला असं कुणी बघायला नको.”

त्या क्षणभर घुटमळल्या. मग गटाला म्हणाल्या, “एकत्र राहा, कालव्यापाशी डावीकडे वळा. मी आलेच.”

त्यांना यायला चाळीस मिनिटं लागली. मी दर पाच मिनिटांनी “आता निघूच” म्हणत होतो. ग्रंथपालबाईंची ती दुसरीच फेरी. त्या मागे पडल्या, आणि मागे कुणीच नव्हतं. डावं वळण चुकलं, सरळ खडीच्या रस्त्याला लागल्या आणि पडल्या. तासभर तिथे एकट्या होत्या.

मग समितीची बैठक झाली. डॉक्टरसाहेब, तुम्ही विचारलंत, “ताई, गट का सोडलात?” मी तुमच्या डाव्या हाताला बसलो होतो.

ताई म्हणाल्या, “एकाची सायकल बिघडली होती.”

“कुणाची?”

“आता ते कशाला? चूक माझीच.”

माझी सायकल ठणठणीत होती. जॅकेट काढून घ्यायचं ठरलं, तेव्हा वर झालेल्या हातांत एक हात माझा होता. ताईंनी तिथेच ते उतरवलं. जॅकेटच्या त्या चेनचा आवाज मला नीट ऐकू आला. अजून येतो.

आज ताई लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्या आहेत. मी छान भाषण लिहून आणलं होतं. मघाशी चहाच्या वेळी ग्रंथपालबाई शेजारणीला हळूच म्हणाल्या, “मला सोडून गेल्या होत्या त्या. पण जाऊ दे, आजच्या दिवशी कशाला?” माझे कान तिखट, त्याला इलाज नाही. भाषणाची घडी खिशातच राहिली.

बाई, ताईंनी तुम्हाला सोडलं नव्हतं. मी त्यांना धरून ठेवलं होतं, माझी फजिती झाकायला. आणि वर्षभर त्यांनी ती झाकली.

अध्यक्षमहोदय, ते जॅकेट क्लबाच्या कपाटात आहे. शाल-श्रीफळ बाजूला ठेवा आणि तेच आज ताईंच्या अंगावर घाला, अशी विनंती आहे. माझी ही जर्सी त्या जागी ठेवून घ्या.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर पोटात घाला. वर्षभर बोललो नाही, त्याबद्दल माफ करा असं म्हणायला मात्र जीभ रेटत नाही. ते ताईंनी आणि बाईंनी ठरवावं.

जाता जाता सूत्रसंचालकांच्या कागदात एक दुरुस्ती. पुढचे मागे वळून बघत नाहीत म्हणून तुम्हाला कळलं नाही, ताईंना दर रविवारी कळत होतं. दोन वर्षांत जलद गटाबरोबर मी एकदाही शेवटपर्यंत पोहोचलेलो नाही.