होडीचा निळा रंग

माझी जुनी इलेक्ट्रिक गिटार तुम्हाला आठवते ना? लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचो ती. बोटं आखडली, म्हणून यंदा विकायला काढली. मुंबईहून एक पारखी काशीदला घरी आला. त्यानं ती स्पीकरला जोडून तार छेडली आणि भरतीचं पाणी चढावं तसा सूर हळूहळू ओटीवर पसरला. माझी बायको शेवंता मासे साफ करत होती. तिचा हात थांबला.

मग तो हळहळला. "काका, हा निळा रंग कुणी फासला?"

"हिनं. होडीला लावून उरला होता."

"मूळ रंग गेला, किंमतही गेली. नको मला."

तो गेल्यावर मी म्हटलं, "शेवंता, खाऱ्या हवेनं लाकूड खराब होऊ नये म्हणून तू रंगवलीस ना?"

"न्हाय वो. तुम्ही दर्यावर होता तवा एक गिऱ्हाईक आलं होतं. म्हणालं, मूळ रंगाला हात लावू नका, त्यालाच किंमत हाय. म्हणून तर रंगवली."

"अगं, पण माझी बोटं?"

"मग हळू वाजवा. मला कुठं घाई हाय?"