सत्त्याऐंशीवा अंक

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर सटाण्याच्या गाडीसाठी रांग होती. माझ्यापुढे दोन कारकून उभे होते. दुसऱ्यांचं बोलणं ऐकणं बरं नव्हे, तरी ऐकलं.

"रामनाथ, खरंच सापडला सत्त्याऐंशी?"

"नाशिक रोडच्या रद्दीवाल्याकडे. मुखपृष्ठासकट."

"मग झाला की संच पुरा! 'कप्तान शार्दूल' कॉमिकचे दोनशे बारा अंक. वहीत नोंद कर आणि पेढे काढ."

"नाही केली नोंद."

"का रे? प्रत्येक अंकाची तारीख, चित्रकार, खलनायकसुद्धा लिहून ठेवलास. नऊ वर्षं ही एकच ओळ कोरी आहे म्हणून आमचं डोकं खाल्लंस."

"देवळ्याच्या आहेरबाईंकडेही हाच अंक नाही."

"त्या शाळेतल्या? दर महिन्याला पत्र येतं त्या?"

"हं. बाकी सगळे अंक दोघांकडेही आहेत. आता पत्रात तेवढंच उरलंय. 'सत्त्याऐंशी सापडला का?' 'नाही, तुम्हाला?'"

"आणि तोच त्यांना द्यायला निघालास? वेडा आहेस. त्यांचा संच पुरा झाल्यावर त्या कशाला लिहितील?"

"माझा अपुराच राहील ना. माझ्यासाठी शोधतील."

"मग टपालानं पाठवायचा. त्यासाठी देवळ्यापर्यंत गाडीनं कशाला जायचं?"

"एकदाही बघितलं नाही रे त्यांना."

"बरं. आणि त्यांनी नाहीच शोधला तर?"

"गाडी लागली बघ. पिशवी दे इकडे. हळू, अंक दुमडेल."