उंदरांची खोली आणि काटेरी हलवा

उंदरांच्या खोलीत मंडळाच्या खुर्च्या भरणार, हे मला आज, दारात, दिलीप चौकीदाराकडून कळावं? शालीचा रंग ठरवायला सभा भरते, खोलीचं मात्र कुणी कुणाला विचारत नाही. असो, आधी मान देते. माननीय अध्यक्ष भय्यासाहेब, व्यासपीठावरची पाहुणेमंडळी, सत्कारमूर्ती डॉक्टर मधुकरराव आणि समोर बसलेले तुम्ही सगळे, माझा नमस्कार घ्या. मी चारुलता, डॉक्टरांची फ्रीगंजातली घरमालकीण. शाळा चार यत्ता झाली, तेव्हा बोलणं सरळच होईल.

राज्य नवं झालं, राजधानी भोपाळला गेली, डॉक्टरांचाही तिकडे तबादला झाला. मोठी जागा आहे, आनंदच आहे. पण मंडळाच्या दवाखान्यामागच्या खोलीत पिंजऱ्यांतून उंदीर पाळून हे गृहस्थ काय करत होते, ठाऊक आहे कुणाला? आमच्या सासूबाई, अक्का, चतुर्थीला पिंजऱ्यापुढे मोदक ठेवून आल्या, गणपतीचं वाहन म्हणून. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, की उंदरांना पथ्य आहे, मला नाही. आणि मोदक खाल्ला.

माझी धाकटी बहीण विजया स्तनाच्या गाठीने गेली. गाठ कापून काढली होती, जखम भरली होती. मग ती फुप्फुसात कशी पोचली? पुष्कळांना विचारलं. कुणी नशीब म्हटलं, कुणी चूप बसवलं. मागच्या संक्रांतीला मी शेगडीवर हलवा करत होते. चमचा चमचा पाक घालत दाणे हाताने फिरवायचे. घाईने काटा येत नाही, एवढं एकच काम मी सबुरीने करते. तेव्हा डॉक्टरांना विचारलं. त्यांनी परातीतला एक दाणा उचलला.

"गाठीतल्या पेशीच्या अंगावरही अशी साखर असते, बाई. डोळ्यांना दिसत नाही. सुटलेली पेशी रक्तातून जाऊन कुठे चिकटते, त्यात या साखरेचा हात असावा."

"मग काढून टाका ती साखर."

"तेच उंदरांवर करून बघतोय."

कॉलऱ्याच्या जंतूंपासून काढलेल्या कसल्याशा द्रव्याने ती साखर उतरते म्हणे. काही उंदरांना गाठीतल्या पेशी तशाच टोचल्या, काहींना साखर उतरवून. साखर उतरवून टोचलेल्यांच्या फुप्फुसात गाठी कमी निघाल्या. डॉक्टर म्हणतात, एकदा निघालं म्हणजे खरं झालं असं नाही, पुन्हा करायचं. माणसांचं तर इतक्यात नावच नको. ती दुसरी खेप आता चालू आहे. कॉलेजातल्या प्रतिभाताई ती पुरी करतील. पण या थंडीत पिंजरे हलवले तर उंदीर दगावतील आणि सगळं वाया जाईल.

विजया परत येत नाही, हे मला कळतं. पण माझ्या विचारण्याला कुणीतरी प्रश्न मानलं, मी समाधानी आहे. डॉक्टर, सुखाने जा, तिकडे जेवणाची आबाळ करू नका.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. जीभ तिखट आहे माझी. कुणाला लागलं असेल तर पोटात घाला. आणि भय्यासाहेब, संक्रांतीला सकाळी हलवा घेऊन तुमच्या दारी येते, तोवर खोलीचं उत्तर हवं. खुर्च्यांना जागा नसेल तर माझ्या अंगणात पाठवा. त्यांना थंडी वाजत नाही.